ओळखीच्या माणसाला अटक करताना

क्रेग जॉन्सनची 'द कोल्ड डिश' काल रात्री दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्या खेपेला खुनी कोण या ओढीने वाचली होती. या वेळी ते माहीत होतं, तरी शेवटची पन्नास पानं वाचताना जास्त त्रास झाला. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहून काढते.

२००४ साली आलेली ही कादंबरी म्हणजे शेरीफ (जिल्ह्याचा पोलीसप्रमुख) वॉल्ट लाँगमायरच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक. आता मालिका विसाच्या पुढे गेली आहे. गोष्ट घडते अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी. अ‍ॅबसारोका ही काउंटी, म्हणजे जिल्हा, लेखकाने कल्पिलेली आहे, पण भोवतालचा मुलूख खरा आहे. आपल्या महाराष्ट्राहून थोडंच लहान असलेल्या या राज्यात माणसं सहा लाखांच्याही आत! गस्तीला निघालं की मैलोनमैल घर दिसत नाही, आणि तरीही प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो.

तिथला शेरीफ बदली होऊन आलेला साहेब नसतो. लोक दर चार वर्षांनी त्याला मतं देऊन निवडतात. म्हणजे ज्याच्या दारात वॉरंट घेऊन जायचं, त्याच्याच दारात काल मत मागायला गेलेलं असायचं. वॉल्ट वीसहून जास्त वर्षं हे करतोय.

दोन वर्षांपूर्वी चार पोरांनी मेलिसा नावाच्या, शायान या मूळ अमेरिकन जमातीतल्या मुलीवर सामूहिक बलात्कार केलेला असतो. गुन्हा शाबीत होतो, पण शिक्षा नावापुरतीच. आता त्या चौघांतल्या एकाचा मृतदेह माळरानावर सापडतो. उरलेल्या तिघांना वाचवणं हे वॉल्टचं काम. ज्या पोरांची त्याला स्वतःला चीड आहे, त्यांच्यासाठी त्याने रात्रीचा दिवस करायचा. गोळी फार लांबून झाडलेली, जुन्या पद्धतीच्या शार्प्स रायफलची. अशी बंदूक कुणाकडे आहे आणि एवढा नेम कुणाचा आहे याची यादी करायला घेतली, तर तीत लहानपणापासूनचा जिवलग दोस्त हेन्री स्टँडिंग बेअरचंही नाव येतं. मेलिसा त्याच्या नात्यातली. वॉल्ट त्याच्याच गाडीत त्याच्या शेजारी बसलेला असतो आणि मनातला संशय ना गिळता येतो, ना बोलता येतो. त्या दोघांमधली ती शांतता मला कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त धडकी भरवते.

मी लहान गावात वाढले. आमच्या आळीतल्या एका मुलाला न्यायला जमादार आले होते, ती संध्याकाळ मला अजून दिसते. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. ते अंगणात आले, टोपी काढून काखेत धरली आणि त्या मुलाच्या आईला म्हणाले, "वहिनी, त्याला आधी जेवू घाला. मी थांबतो." आणि खरंच ओट्यावर बसून राहिले, रस्त्याकडे तोंड करून. आत ताटाचा आवाज येत होता. त्यानंतर कित्येक महिने त्या वहिनी जमादारांच्या घरावरून जायचं टाळायच्या, लांबच्या विहिरीवरून पाणी आणायच्या.

शहरातल्या रहस्यकथेत खुनी सापडला की गोष्ट संपते. इथे सापडल्यावर सुरू होते, कारण दुसऱ्या दिवशीही त्याच लोकांत राहायचं असतं. म्हणून "डिटेक्टिव्ह पुस्तकं म्हणजे टाइमपास" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. कायदा आणि न्याय यांतलं अंतर मला या पुस्तकाने जितकं दाखवलं, तितकं भल्याभल्या वैचारिक पुस्तकांनी दाखवलेलं नाही.

मालिकेचा खरा फायदा मला दुःखाच्या बाबतीत जाणवतो. वॉल्टची बायको मार्था कॅन्सरने गेली आहे. दोघांसाठी बांधायला घेतलेलं लाकडी घर तसंच अर्धवट पडलंय, आणि तो त्यातच राहतो. हेन्री मागे लागून ते पुरं करायला लावतो. एकाच पुस्तकात लेखक त्याला 'सावरून' टाकत नाही, पुढच्या पुस्तकांतही मार्थाची उणीव हळूच डोकावत राहते. घरातलं माणूस गेलेल्या कुणालाही हे पटेल.

एक गोष्ट मात्र खटकते. एवढीशी वस्ती, आणि पुस्तकामागून पुस्तक तिथे खून! पुढच्या काही भागांत वॉल्टच्या अंगावर जे काही कोसळतं, तेही एका माणसाला झेपणारं नाही. मला त्याची छोटी कामं जास्त आवडतात: मेंढ्यांची भानगड, बर्फात अडकलेली गाडी, त्याच्या ऑफिसातल्या रूबीने दारावर चिकटवलेल्या निरोपांच्या चिठ्ठ्या.

वाचणार असाल तर पहिल्यापासून, क्रमाने वाचा. या पुस्तकांवरची टीव्ही मालिका नंतर बघा.

मी आजपासून दुसरं, 'डेथ विदाउट कंपनी', पुन्हा हातात घेतेय. त्यात जुना शेरीफ ल्यूशियन आहे, एक पाय गमावलेला, वृद्धाश्रमात राहणारा. वॉल्ट दर आठवड्याला त्याच्याकडे बुद्धिबळ खेळायला जातो. गेल्या वेळी खुन्याच्या घाईत ती पानं मी भराभर उलटली होती.