पगार थकली का, सर?

"पगार थकली का, सर?"

अंगणात उपडी खुर्ची, तोंडाला रुमाल, हातात पक्कड. अशा अवतारात मी चौथ्या स्क्रूशी झटत होतो आणि कंपाउंडच्या भिंतीवरून हा प्रश्न आला. विचारणारे शेजारचे नाना, निवृत्त तलाठी. आवाज असा, की वसमत रोडवरच्या रिक्षावाल्यालाही माझ्या संसाराची काळजी वाटावी. पगार थकली नव्हती, खुर्चीची सीट फाटली होती. हे सांगायला मी रुमाल खाली करेपर्यंत नाना फाटकातून आत येऊन दुसऱ्या खुर्चीवर बसलेसुद्धा. पुढचे चार तास त्यांनी पिच्छा सोडला नाही.

आधी त्या चौथ्या स्क्रूचं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची सीट खालून चार स्क्रूंवर धरलेली असते, चौकटीच्या कोपऱ्यातल्या तिरक्या ठोकळ्यांतून. तीन स्क्रू मुकाट्याने निघतात, चौथा गंजलेला असतो. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून पंधरा मिनिटं गप्प बसायचं. घाई केली की स्क्रूच्या डोक्यावरची फुली झिजून गोल खड्डा होतो आणि मग ड्रिलवाल्याचे पाय धरावे लागतात. सीट निघाली की फळीवर खडूने 'पुढे' असं लिहून ठेवावं. खुर्चीची सीट चौरस दिसते, पण नसते. माझी पुढून 18 इंच आणि मागून 16. उलटी बसवायला गेलात तर अर्धा दिवस आपण सुताराला शिव्या देतो आणि सुतार बरोबर असतो.

मग पिना, म्हणजे फळीखाली रेक्झिन धरून ठेवणाऱ्या स्टेपलच्या पिना. मी उपटून मोजल्या, 104 निघाल्या. चपट्या पेचकसाने एक पाय उचलायचा, पकडीने ओढायचं. अर्धवट तुटलेली पिन फळीत सोडायची नाही, ठोकून सपाट करायची, नाहीतर ती नवं कापड आतून कातरते. जुनं रेक्झिन मात्र फाडू नये. त्याच्याइतका अचूक छापा कोणी कापून देणार नाही.

रेक्झिनखाली फोम असायला हवा होता. तिथे हळदीच्या रंगाचा भुगा होता. फोम हवेने, उन्हाने, दमटपणाने हळूहळू कुजतो, आणि आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे घर भट्टीवर ठेवल्यासारखं. झटकलं की भुगा नाकात जातो, म्हणून तो रुमाल. नानांना वाटलं मी तोंड लपवून काम करतोय.

"ही खुर्ची निजामाच्या टायमाची हाय," नाना म्हणाले.

"नाही हो नाना, बाबांनी घेतलेली आहे."

"बाबांनी निजामाकडूनच घेतली असंल. सागवान बगा की."

मराठवाड्यात ज्या लाकडाला घुणा लागला नाही ते निजामाचं, हा तलाठ्याच्या दप्तराइतकाच पक्का नियम. मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण माणसाला आपलं ज्ञान पाजळायची खाज असते. मी सांगितलं, की नाना, हा फोम पॉलियुरेथेनचा. ते रसायन ओटो बायर नावाच्या माणसाने 1937 साली शोधलं, आणि असा मऊ फोम कारखान्यातून यायला लागला 1954 च्या सुमारास. निजामाची राजवट संपली 17 सप्टेंबर 1948 ला. मग निजामाच्या खुर्चीत हा फोम आला कुठून?

नाना बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "शोधला कुठं म्हणलाव?"

"जर्मनीत."

"जर्मनीत ना?" नानांनी मांडीवर थाप मारली. "जगात जर्मनी, भारतात परभणी! म्हंजे मपल्याच गावचा की ओ. अन् निजाम म्हंजे साधा माणूस व्हता का? जगात जे निघंल ते त्याच्याकडं आधी यायचं. सहा वर्सं आधी आलं असंल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. रात्री अंथरुणावर एक बरं उत्तर सुचलं होतं, सकाळी विसरलो.

नवा फोम मी आदल्या दिवशीच आणला होता. '40 डेन्सिटी' म्हणून दिला, पैसेही चाळीसचेच घेतले. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, एवढं साधं आहे. माझा तुकडा 20 × 20 × 2 इंच, म्हणजे 0.0131 घनमीटर. 40 डेन्सिटीचा असता तर सव्वापाचशे ग्रॅम भरायला हवा. नाना सोबत आलेच, आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तो काट्यावर ठेवला. साडेतीनशे ग्रॅम! हिशेबाने डेन्सिटी निघाली 27. असा फोम वर्षभरात पापड होतो. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "फोम काय शेंगदाणे आहेत का, वजन करायला?" शेजारचं गिऱ्हाईक हसलं, नानाही हसले. मी एकटाच हसलो नाही. शेंगदाण्यात कोणी किलोमागे 330 ग्रॅम मारले तर भांडण लागेल, फोममध्ये मारले तर गिऱ्हाईकच विक्षिप्त ठरतं. म्हणून सांगतो, घेताना काटा असलेल्या दुकानाशेजारून घ्या.

"कापूस घाला," नाना म्हणाले. "मपल्या जिल्ह्यात कापसाला तोटा हाय का?"

खरं म्हणजे हे नानांचं त्या दिवसातलं सर्वात शहाणं वाक्य. पूर्वी पिंजारी दारात येऊन बसायचा, त्याच्या धनुकलीच्या तारेचा टणत्कार गल्लीभर घुमायचा. पण कापूस बसून बसून दबतो, गोळे होतात, दर एक-दोन वर्षांनी पिंजावा लागतो, आणि आता पिंजारी शोधायला कोणत्या गल्लीत जावं? गावाभोवती पांढरं सोनं पिकतं आणि आपण 27 चा फोम 40 चा म्हणून विकत घेऊन त्यावर बसतो. असो.

मी तोच फोम वापरला. दुसऱ्यांदा दुकानात जायची लाज वाटली. फोम फळीपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा कापावा, म्हणजे कड गोल येते आणि फळीची धार मांडीला लागत नाही. कात्रीने कापला तर उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. हॅक्सॉ ब्लेडने, न दाबता, लांब हात मारून कापायचा. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल नको, तो वाळून कडक होतो आणि बसताना कुरकुरतो. रबर सोल्युशन फळीला आणि फोमला दोन्हीकडे लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून, मग चिकटवायचं.

कापडाचा हिशेब: सीट 18, फोमची जाडी दोन्हीकडून 4, फळीची 1, खाली दुमडायला 5, एकूण 28 इंच. एका खुर्चीला पाऊण मीटर पुरतं. "तेवढ्यात दोन बसतात" असं दुकानात सांगतील. पण 28 दुणे 56 आणि पन्हा 54, त्यातही अर्धा इंच किनार जाते. "हिमरू टाका, नवाबी दिसंल," ही नानांची सूचना. हिमरू म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, त्याच्या मागच्या बाजूला रेशमाचे मोकळे धागे सुटलेले असतात. शालीला त्यानेच ऊब येते, खुर्चीवर मात्र महिन्याभरात घासून तुटतील. तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा हे विणकर आले म्हणतात. त्यांना काय माहीत पुढे नाना येणार आहेत.

पिना मारताना कोपऱ्यापासून सुरुवात करू नये, मी केली. आधी मागच्या बाजूच्या मध्यावर एक, कापड ओढून पुढच्या मध्यावर एक, मग डावी-उजवी, आणि तिथून कोपऱ्यांकडे, दोन इंच मोकळं सोडून. फार ताणलं तर पिनांमध्ये घड्या पडतात. 12 मिलिमीटरच्या फळीला 8 ची पिन, कोपऱ्यात कापडाचे तीन-चार थर येतात तिथे 10 ची. 14 ची कधीच नाही, ती पलीकडून निघते. कोपऱ्याचं टोक आधी मधल्या दिशेने ओढून एक पिन, मग दोन्हीकडून साडीच्या निरीसारखी घडी, जास्तीचं कापड कापून टाकायचं.

सगळं झाल्यावर सीट चौकटीत जाईना. रेक्झिन पातळ होतं, हे कापड जाड, त्यात मी फोमवर घातलेलं वॅडिंग, म्हणजे कापसासारखा मऊ थर, कडेवरून खाली उतरवलं होतं. वॅडिंग कडेलाच कापायचं असतं आणि कापड जाड असेल तर चढवण्याआधी फळीची कड रंध्याने दोन-तीन मिलिमीटर कमी करायची असते. हे मी मोठ्याने म्हणतच होतो.

"सरका," नाना म्हणाले, उठले आणि बसले. पूर्ण वजनाने, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, पंगतीत बसावं तसे. 'खच्' असा आवाज झाला.

"बसली का न्हाई?"

बसली, आणि आता निघेना. खुर्ची उलटी केली तर स्क्रूची चारही भोकं माझ्या सुबक निऱ्यांखाली गायब. तिथे सरळ स्क्रू पिळला तर कापडाचे धागे त्याला गुंडाळले जातात आणि वरपर्यंत ओढ येते. त्यामुळे दाभण गॅसवर लाल करून ठोकळ्याच्या भोकातून टेकवली. पॉलिएस्टरचं कापड असलं की ते वितळून छिद्राची कड पक्की होते. सुती कापडाला हा उपाय चालणार नाही, जळेल.

नानांनी गल्लीत सांगितलं, "सरच्या खुर्चीची सीट म्याच बसवली." शब्दशः खरं असल्यामुळे खोडताही येत नाही.

नानांच्या पाच चहांत घरातली साखर संपली होती. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. साखर, चहापत्ती. मी पाचशेची नोट काढली. दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलं, आवाज एकदम खाली आणला.

"राहू द्या सर. वहीत लिहितो."

"अहो, कशाला?"

"नाना बोलले मला. होतं असं कधीकधी. पगार झाल्यावर द्या."

"झाली आहे पगार!"

"हो, हो," तो म्हणाला, अगदी आजाऱ्याला म्हणतात तसा, "आणि तसेही सुट्टे नाहीत." वही उघडली. माझ्या नावावर 92 रुपये लिहिले.