‘आयसी गेलाय’ असे म्हणावे

वॉकमन, डिस्कमन आणि आयपॉड ही गाणी ऐकण्याची सोबत नेण्याजोगी यंत्रे दुरुस्त करून देणारे छोटेखानी दुकान काढण्याचे आपण मनात आणले असेल, तर यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणे कठीण आहे. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी विक्रीला आला आणि तिथली कॅसेट वॉकमनची विक्री कंपनीने २०१० साली थांबवली. ॲपलचा पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर झाला आणि मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन बंद करत असल्याचे कंपनीने सांगून टाकले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आपल्या ग्राहकाला जायला दुसरी जागा उरलेली नाही. त्यातच अलीकडे तरुण मंडळींना कॅसेटचे वेड नव्याने लागले असून, घरातल्या माळ्यावरून निघालेला वॉकमन पिशवीत घालून ती दुकानोदुकान फिरताना दिसतात. अडलेला आणि हौशी, असे दोन्ही गुण एकाच अंगी असलेला ग्राहक फार थोड्या धंद्यांच्या वाट्याला येतो. त्याला कसे वागवावे, याविषयीच्या या सूचना आहेत.

दुकानाची जागा कुठेही चालेल. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, ज्याला कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात आणि तोंडी कुणीच तसे म्हणत नाही. मात्र या ठिकाणी वारंवार जाणे टाळावे. तिथे वस्तूची खरी किंमत समजते, आणि एकदा ती समजली, की ग्राहकाला भलता आकडा सांगताना आवाज किंचित कापतो.

निदान नेहमी झाकण उघडण्यापूर्वी करावे. ग्राहकाने वॉकमन काउंटरवर ठेवला, की तो उचलावा, कानाजवळ नेऊन हलवावा, एक सुस्कारा टाकावा आणि ‘आयसी गेलाय’ असे म्हणावे. ज्योतिषाला जसा शनी, तसा दुरुस्तीवाल्याला आयसी, म्हणजे यंत्राच्या आतली इलेक्ट्रॉनिक चिप: तो प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नसतो, त्याच्याविषयी कुणाला वाद घालता येत नाही, आणि शांतीचा खर्च आपण सांगू तेवढा असतो. वस्तुस्थिती अशी आहे, की बंद पडलेल्या वॉकमनमध्ये आयसी बिघडलेला क्वचितच सापडतो. सेल आतच राहून गळलेला असतो आणि त्यातल्या क्षाराने स्प्रिंगवर पांढरट-हिरवा थर धरलेला असतो, जो कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसला आणि नंतर स्पिरिटने जागा स्वच्छ केली, तर बहुधा निघून जातो. किंवा इअरफोनच्या जॅकचे सोल्डर तडकलेले असते. किंवा, आणि बहुतेक वेळा हेच असते, बेल्ट गेलेला असतो. यातले एकही कारण ग्राहकाच्या कानावर घालू नये. व्हिनेगर त्याच्याही स्वयंपाकघरात असते.

बेल्टविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपले पोट त्यावरच चालणार आहे. मोटरच्या इवल्याशा पुलीवरून फ्लायव्हीलकडे, म्हणजे टेपची गती राखणाऱ्या जड चाकाकडे, जाणारा हा रबराचा पट्टा वयानुसार सैल पडतो आणि टेप रडतरखडत चालू लागते. काही जुन्या बेल्टचे तर चक्क डांबर होते. असा वॉकमन उघडला, की पट्ट्याच्या जागी एक काळी, चकचकीत, चिकट रेघ पसरलेली दिसते. तिला बोट लागले तर ती बोटावर येते, बोटावरून फ्लायव्हीलवर, फ्लायव्हीलवरून शर्टाच्या बाहीवर, आणि साबणाला मुळीच दाद देत नाही. ज्यांना काम नीट करण्याची खोड आहे, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुलीच्या खाचेतला कणन् कण काढतात, पट्ट्याचा मार्ग दोऱ्याने मोजतात, आणि त्याहून किंचित तोकडा बेल्ट आणून बसवतात. यात एक अख्खी सकाळ जाते. त्यापेक्षा मेथीच्या जुडीला गुंडाळलेला रबरबँड उत्तम. तो फुकट मिळतो, लगेच बसतो आणि वॉकमन सुरूही होतो. त्याच्या अवाजवी ताणामुळे मोटरच्या बेअरिंगवर भार येतो, जाडी सगळीकडे सारखी नसल्याने गती थरथरते आणि साध्या सरळ स्वरालाही गमक येते, हे खरे. परंतु ग्राहक दुकानात उभा असेपर्यंत ते लक्षात येत नाही, आणि आपल्याला तेवढाच वेळ काढायचा असतो.

यानंतर तेल. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली सदैव हाताशी ठेवावी आणि जे फिरताना दिसेल त्यावर सढळ हाताने सोडावे. तेलाचा थेंब सुईच्या टोकाएवढा, तोही फक्त दांड्याच्या बेअरिंगपुरता लागतो, असे काही चिकित्सक लोक म्हणतात. उरलेले तेल ओघळून बेल्टवर आणि पिंच रोलरवर, म्हणजे टेप दाबून पुढे ओढणाऱ्या रबरी चाकावर, जाते, रोलर टेपला धरीनासा होतो आणि टेप त्याच्याभोवती गुरफटते. कॅसेट खाल्ली गेली, की दोष कॅसेटला द्यावा. ती बोलू शकत नाही.

टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो या धंद्यातला सर्वांत मोहक स्क्रू आहे, कारण तो फिरवताच आवाज बदलतो आणि ग्राहकाला कामाचा पुरावा मिळतो. टेप ज्या दिशेने सरकते, तिच्याशी हेडची फट काटकोनात असावी लागते. ती जरा जरी कलली, तरी झांजा, टाळ आणि तंबोऱ्याचा झणत्कार नाहीसा होतो आणि गायक उशीत तोंड खुपसून गात असल्यासारखा ऐकू येतो. तेव्हा हा कोन ग्राहकाने सोबत आणलेल्या एकमेव कॅसेटवरच जुळवावा. ती कॅसेट बहुधा पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी वाकड्या हेडच्या डेकवर भरून घेतलेली असते, त्यामुळे ती ठणठणीत वाजू लागते आणि घरातल्या बाकीच्या सगळ्या कॅसेट दबतात. तक्रार आली, तर ‘बाकीचा माल जुना झालाय’ असे सांगावे.

गतीच्या बाबतीतही कानावर विसंबावे. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने सरकली पाहिजे, आणि ठरावीक कंपनसंख्येचा सूर भरलेली चाचणी-कॅसेट लावून ती तपासता येते, पण अशी कॅसेट विकत घ्यावी लागते. आपण मोटरच्या पाठीमागच्या भोकात पेचकस घालून गाणे ओळखीचे वाटेपर्यंत फिरवत राहावे. गती साधारण सहा टक्क्यांनी वाढली, की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारे बुवा कसलीही तयारी न करता पांढरी दोनमध्ये गाऊ लागतात. हे फक्त घरी पेटी असलेल्या ग्राहकाच्या ध्यानात येईल. पुण्यात अशा ग्राहकांचे प्रमाण दुर्दैवाने बरेच आहे; त्यांना दुकानात बसायला स्टूल देऊ नये.

डिस्कमनचे, म्हणजे सीडी वाजवणाऱ्या यंत्राचे, काम सोपे आहे. तबकडी वाचली जात नसेल, तर लेन्स शर्टाच्या टोकाने पुसावी, आणि तरीही जमले नाही, तर लेझरची ताकद ठरवणारा प्रीसेट नावाचा बारीक स्क्रू थोडा पुढे सरकवावा. म्हातारा लेझर तरण्यासारखा वाचू लागतो आणि वाढलेल्या करंटमुळे काही काळाने कायमचा विझतो. तोवर पैसे घेऊन झालेले असतात.

आयपॉडसाठी मात्र धाडस हवे. आयपॉड क्लासिकची पोलादी पाठ आतल्या खिट्ट्यांनी अशी धरलेली असते, की प्लॅस्टिकच्या पातळ पात्यांनी एकेक कड सोडवत नेणाऱ्यालाच ती सरळ मिळते. आपण सपाट पेचकस घालून एकदाच पिळावा. पाठ वाकेल, आणि झटका जोरात बसला तर पाठीला जोडलेली जॅकची रिबन केबलही तुटेल, म्हणजे एका कामाची दोन कामे होतील. आत १.८ इंची हार्ड डिस्क असते. ती काढून तिथे अडॅप्टर आणि मेमरी कार्ड बसवले, तर यंत्र हलके होते आणि बॅटरीही जास्त टिकते, म्हणून तो पर्याय ग्राहकाने स्वतः विचारल्याशिवाय सुचवू नये. फुगलेली बॅटरी दिसल्यास ती टोकदार वस्तूने उचकटावी, असा सल्ला मी देणार होतो, पण लिथियमच्या पेशीला भोक पडले तर ती पेट घेते, आणि दुकान भाड्याचे आहे. पहिल्या पिढीच्या आयपॉड नॅनोची बॅटरी तापते, म्हणून ॲपलनेच नोव्हेंबर २०११ मध्ये तो बदलून देण्याची योजना जाहीर केली होती. तेव्हा कुणी तसा नॅनो आणला आणि ‘हा गरम होतो’ म्हणाला, तर ‘उन्हाळा आहे’ असे उत्तर न देण्याचा संयम एवढ्या एका बाबतीत पाळावा.

पावती देऊ नये. द्यावीच लागली, तर ‘एक वॉकमन, काळा’ एवढेच लिहावे. मॉडेल, क्रमांक, आतला सेल, झाकणाची अवस्था यांचा उल्लेख टाळावा, कारण एकाचे झाकण, दुसऱ्याची मोटर आणि तिसऱ्याचा हेड यांची अदलाबदल करणे त्यामुळे अवघड होते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, हे ग्राहकाने ऐकलेले असेल, तर त्याचे मनापासून कौतुक करावे. दुरुस्तीचा हक्क आता त्याला आहे, ती कधी होणार हे मात्र आपण सांगायचे. ‘परवा या’ हे त्याचे प्रमाणित उत्तर असून, परवा आलेल्याला ‘पार्ट मुंबईहून यायचाय’ असे सांगता येते. दुकान मुंबईतच असल्यास पार्ट दिल्लीहून यायचा असतो.

शेवटचा प्रश्न मदतनिसाचा. एखादा होतकरू मुलगा जरूर ठेवावा, पण त्याला चहा आणणे, झाकणाचे स्क्रू वेचणे आणि मालक बाहेर गेल्याचे सांगणे, यापलीकडे काही शिकवू नये. तरीही तो पाहून पाहून शिकतोच, आणि एक दिवस शेजारच्या गल्लीत स्वतःचे काउंटर टाकतो, मापाचे बेल्ट आणतो, बदललेला जुना भाग पुडीत बांधून ग्राहकाच्या हातात देतो. आपले गिऱ्हाईक त्याच्याकडे एकदा जाऊन परत आपल्याकडे आले, तर वॉकमन उलटा करावा, स्क्रूच्या खाचा निरखाव्यात, हळूच मान हलवावी आणि ‘हा कुणी उघडलाय?’ एवढेच विचारावे. स्क्रूच्या त्या खाचा आपणच झिजवलेल्या असल्या, तरी हरकत नाही.