यांत्रिक शरीराची हमी कोण घेणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे की, गुडघा बदललेल्या किंवा पेसमेकर बसवलेल्या माणसाला कुणी नावे ठेवत नाही, तेव्हा संपूर्ण शरीरच यांत्रिक करून घेण्याला माझा असलेला विरोध ही प्रगतीची भीती आहे, आणि असली भीती धडधाकट माणसालाच परवडते.

माणूसपण हरवेल, असे मी लेखात कुठेही म्हटलेले नाही; तो वाद तत्त्वज्ञांनी घालावा. माझी हरकत निव्वळ व्यवहाराची आहे, आणि तिच्यासाठी कल्पनेतल्या भविष्याकडे पाहण्याची गरज नाही.

‘आर्गस-2’ या कृत्रिम दृष्टिपटलाचेच (डोळ्याच्या आतल्या पडद्याचेच) पाहा. चष्म्यातला कॅमेरा, कमरेला लावलेला प्रोसेसर आणि डोळ्यात बसवलेले 60 इलेक्ट्रोड (विजेचे सूक्ष्म संदेश देणारी टोके) यांच्या साहाय्याने अंध व्यक्तीला उजेडाचे ठिपके आणि ढोबळ आकार दिसत. अमेरिकेत त्याला 2013 साली मान्यता मिळाली आणि जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात जिना उतरण्याच्या बेतात असताना एका बाईंच्या कानावर बारीकशी बीप-बीप आली आणि समोरचे सारे विझले. यंत्र बंद पडले ते कायमचे. पुढे 2019 मध्ये ‘सेकंड साइट’ या उत्पादक कंपनीने हे यंत्र बनवणेच थांबवले, 2020 मध्ये तिचे दिवाळे निघायची वेळ आली, आणि ज्यांच्या डोळ्यांत ते बसवलेले होते त्यांना सुटे भाग आणि दुरुस्ती कुठून मिळवायची, हा प्रश्न पडला. हे एका अवयवाचे झाले. हात, पाय, फुप्फुसे आणि हृदय एकाच उत्पादकाचे असतील आणि तोच गाशा गुंडाळून गेला, तर?

आपण दिलेली गुडघ्याची आणि पेसमेकरची उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत, असे मला वाटते. टायटॅनियमचा सांधा टिकतो, कारण भोवतालचे जिवंत हाड त्याला धरून ठेवते. शस्त्रक्रियेची जखम भरते ती त्वचेमुळे. आणि पेसमेकर बिघडला तरी पुष्कळ रुग्णांचे हृदय मंद का होईना, स्वतःच्या बळावर काही काळ चालत राहते. आजचा प्रत्येक कृत्रिम अवयव असा उरलेल्या शरीराच्या उधारीवर जगतो. सगळेच शरीर काढून टाकल्यावर ही उधारी देणारा कुणी उरत नाही, आणि स्वतःची झीज स्वतः भरून काढणारे यंत्र अजून तरी कुणी बनवलेले नाही. झिजेचे परिणाम आपल्याकडेही भोगून झाले आहेत. ‘डेप्यू’ या कंपनीचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला, कारण पाच वर्षांतच आठांपैकी जवळजवळ एका रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येत होती आणि घासून निघालेले कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते. भारतातही हजारो लोकांना तो बसवलेला होता. (‘परत मागवणे’ हा शब्दप्रयोग मोटारीच्या बाबतीत ठीक आहे, खुब्याच्या बाबतीत त्याचा अर्थ पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणे, एवढाच होतो.)

हॅकिंगच्या भीतीला आपण ‘सिनेमातली गोष्ट’ म्हटले आहे. 2017 साली अमेरिकेत सुमारे 4,65,000 पेसमेकरांना सुरक्षेतील त्रुटीसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती सुचवावी लागली, एवढेच नोंदवतो.

राहिला आपला शेवटचा आणि सर्वांत रास्त प्रश्न: जन्मभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मी काय सांगणार? यंत्र जरूर बसवून घ्या, हेच सांगेन. मात्र सुटे भाग किती वर्षे मिळतील, कंपनी बंद पडल्यास सॉफ्टवेअर आणि आराखडे दुरुस्तीसाठी कुणाच्या हाती जातील, आणि यंत्र काढायची वेळ आली तर तो खर्च कुणाचा, हे शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी लेखी मागून घ्या. ज्याचे हातपाय शाबूत आहेत आणि तरीही ज्याला ते बदलायचे आहेत, त्याला मात्र ही तिन्ही उत्तरे मिळाली तरी मी आज नकोच म्हणेन.