एकाच स्तोत्रात चँट आणि पॉलिफनी का चालतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, इतकं मनापासून लिहिलंत त्याबद्दल आभार, पण तुमचा मुद्दा मला पटत नाही. तुमचं म्हणणं असं की चर्चमधल्या स्तोत्राचं एक कडवं साध्या चँटमध्ये (म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच चाल गायची) आणि पुढचं पॉलिफनीत (म्हणजे एकाच वेळी अनेक आवाजांच्या वेगवेगळ्या चाली) गायलं की स्तोत्राचे तुकडे पडतात, शब्द कळत नाहीत आणि हे सगळं हल्लीच्या कॉयर डायरेक्टर लोकांचं, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या संचालकांचं, फॅड आहे.

फॅड तर नाहीच हो. 15व्या शतकातल्या द्युफाई या संगीतकाराची स्तोत्रं अशीच आहेत, एक कडवं चँट, दुसरं तीन आवाजांत. पुढच्या शतकातले संगीतकार व्हिक्टोरिया आणि पालेस्ट्रिना, त्यांतल्या व्हिक्टोरियाचा 1581चा स्तोत्रसंग्रह घ्या नाहीतर पालेस्ट्रिनाचा 1589चा, तिथेही कडवी आलटूनपालटूनच येतात.

आणि तुकडे म्हणताय, तर द्युफाईचं 'आवे मारिस स्तेल्ला' हे मरियेचं स्तोत्र जरा कान देऊन ऐका. चँटची सुरुवातच सा वरून थेट प वर जाते, आणि पॉलिफनीच्या कडव्यात सगळ्यात वरचा आवाज तीच चाल थोडी सजवून गातो, मधला आवाज तिच्याबरोबर चार सुरांच्या अंतराने खालून चालत राहतो आणि तिसरा त्याच्याही खाली, म्हणजे चाल एकच आहे, फक्त तिला सोबत मिळालीय. तिन्ही आवाज बहुतेक एकाच वेळी एकच शब्द म्हणतात, त्यामुळे शब्दही हरवत नाहीत. पालेस्ट्रिनात आवाज एकामागून एक येतात, तिथे शब्दांबद्दलची तुमची तक्रार मला मान्य आहे, पण तिथेही लगेच पुढचं कडवं चँटमध्ये स्वच्छ ऐकू येतंच की!

तुम्हाला जो झटका बसला ना, तो मलाही अनेक कॉयर ऐकताना बसतो. पण त्याचं कारण जोडकामात असतं. चँटवाले शेवटचं अक्षर ओढत बसतात, मग शांतता, मग कुणीतरी ऑर्गनवर सूर देतं, आणि साथीशिवाय गाताना पट्टी एव्हाना थोडी उतरलेली असते, त्यामुळे तो सूर वेगळाच लागतो, झालं, स्तोत्र मोडलं. त्यापेक्षा चँटचा शेवटचा सूर चालू असतानाच पॉलिफनीवाल्यांनी श्वास घ्यायचा, त्याच सुरावरून आपापला सूर पकडायचा आणि लय चँटच्या अक्षरांच्या चालीवरूनच उचलायची. ऑर्गन नकोच तिथे. याची प्रॅक्टिस नोट्स पाठ करण्याइतकीच करावी लागते आणि नेमकी तीच कुणी करत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

राहिला चर्चच्या नियमांचा मुद्दा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात ग्रेगोरियन चँटला, म्हणजे याच साध्या चँटला, मानाचं स्थान दिलंय हे तुम्ही बरोबर लिहिलंत, पण त्याच कलमात पॉलिफनीही अजिबात वर्ज्य नाही असं म्हटलंय, तेही वाचा. शिवाय लोकांनी गायला हवं असं तुम्हीच म्हणताय ना, मग चँटची कडवी सगळ्या सभेला द्या, एकच चाल आहे, दोनतीन रविवारांत बसते, पॉलिफनी कॉयर सांभाळेल. फक्त पट्टी जरा खाली धरा, नाहीतर वरच्या सुरांना अर्धे लोक गप्प होतात.