बिनपगारी मानकरीण

१५६२ च्या ऑक्टोबरात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्यात देवीच्या आजाराने मरणाच्या दारात पोहोचली होती. तिची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या लेडी मेरी सिडनीलाही मग देवी आल्या. राणी उठून कारभाराला लागली. मेरीच्या चेहऱ्यावरचे व्रण मात्र जन्मभर राहिले. ही कहाणी नेहमी निष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते आणि मला नेमके तेच खटकते, कारण त्या कौतुकात मेरी करत होती ती नोकरी होती, ही साधी गोष्ट झाकली जाते.

ती राणीच्या खासगी दालनातली मानकरीण होती, पण बिनपगारी. दरबारातले हे स्थान तिच्या माहेरासाठी किती मोलाचे होते, हे मागचा इतिहास पाहिल्यावर कळते. तिचे वडील, नॉर्थंबरलंडचे ड्यूक, यांनी १५५३ मध्ये आपल्या सुनेला, लेडी जेन ग्रे हिला, गादीवर बसवण्याचा डाव टाकला आणि त्यापायी त्यांचा शिरच्छेद झाला. जेनला बोलावणे घेऊन गेली होती ती मेरीच. पुढल्या वर्षी जेन आणि तिचा नवरा, म्हणजे मेरीचा भाऊ गिल्डफर्ड, यांचीही तीच गत झाली. अशा घरातल्या लेकीने एलिझाबेथ राणीच्या दारी पगाराची गोष्ट कोणत्या तोंडाने काढावी?

राणीला तिचा उपयोग मात्र पुरेपूर होता. १५५९ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजपुत्राशी लग्नाला राणी राजी आहे, असा निरोप मेरीच्याच तोंडून स्पेनच्या राजदूतापर्यंत गेला, आणि राणीने नंतर हात झटकल्यावर खोटी पडली तीही मेरीच.

आता नवऱ्याच्या त्या प्रसिद्ध पत्राविषयी. सर हेन्री सिडनी यांनी १५८३ मध्ये मंत्री वॉल्सिंगहॅम यांना लिहिले, की आपण फ्रान्सला गेलो तेव्हा बायको रूपवती होती, परतलो तेव्हा देवीने तिला कुरूप करून टाकले होते, आणि तेव्हापासून ती घरट्यातल्या रात्रपक्ष्यासारखी एकटी राहते. वाचताना गलबलून येते. तरीही हे पत्र म्हणजे आपल्या सेवेचा आणि कर्जाचा पाढा वाचणारे गाऱ्हाणे आहे, हे विसरून चालणार नाही. मेरी त्या आजारानंतरही कित्येक वर्षे दरबारात येत-जात होती.

मला तिची स्वतःची पत्रे जास्त बोलकी वाटतात. १५७२ मध्ये नवऱ्याला मोठी पदवी देऊ केली, पण त्या पदवीसोबत जहागीर नव्हती. तेव्हा हा मान आम्हाला पेलणार नाही, तो टळेल असे पाहा, अशी विनवणी तिने राणीचे मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली यांना केली. १५७४ मध्ये, मोठ्या दुखण्यातून नुकतीच उठलेली असताना, दरबारात हजर होण्याचा हुकूम आला. तेव्हा तिने राजवाड्याच्या व्यवस्थापकांकडे काय मागावे? खोली फार गार आहे, म्हणून भिंतींवर लावायला अस्तराचे तीन-चार जाड पडदे, तेही उसने, हवा उबदार झाली की परत करण्याच्या बोलीवर! १५७८ मध्ये नवऱ्याकडे कामानिमित्त लोक येणार म्हणून तिने हॅम्पटन कोर्टात आणखी एक खोली मागितली. तिथे जागा नाही असे कधी झाल्याचे आपल्याला आठवत नाही, असेही तिने सुनावले. आणि नाहीच मिळाली, तर म्हातारा हॅरी (म्हणजे हेन्री) आणि त्याची म्हातारी मॉल (म्हणजे ती स्वतः) एवढ्या दीर्घ सेवेबद्दल वाट्याला आलेली ती टीचभर जागा गुण्यागोविंदाने वाटून घेतील, असे तिने लिहिले.