पार्ट येत नाही, काकू

आज दुपारी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून परत आल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

दीड वर्षापूर्वी नातीला आम्ही गिअरची सायकल घेतली, अठ्ठावीस हजार रुपयांची. गेल्या रविवारी फुटाळ्याच्या रस्त्यावर ती घसरून पडली. तिला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, परंतु सायकलच्या मागच्या गिअरला फ्रेमशी जोडणारा अॅल्युमिनियमचा एक तुकडा मोडला. त्याला हँगर म्हणतात, हे मला आज वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळले. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा तो तुकडा आहे, त्याला दोन भोके आहेत आणि त्याच्यावाचून ती संपूर्ण सायकल निरुपयोगी आहे. ज्या मोठ्या, काचेच्या दुकानातून ती घेतली होती तेथे मी ती रिक्षात घालून नेली, तर काउंटरवरच्या मुलाने वर न पाहता सांगितले, "पार्ट येत नाही, काकू. मॉडेल बंद झालं नं. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका."

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे सांगायला शिकवले आहे ते तो सांगतो. मी सायकल तेथेच उलटी केली आणि पायडलच्या वर, नळ्या जेथे एकत्र येतात तेथे खाली चिकटवलेली चिठ्ठी चष्मा लावून वाचली. वरच्या नळीवर भल्या मोठ्या अक्षरांत युरोपातले वाटावे असे नाव आहे आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत चीनचे. नाव एका देशाचे, घडण दुसऱ्या देशाची, पैसे आमचे आणि मोडल्यावर जबाबदार कोणीच नाही. हाच प्रकार मला सहन होत नाही.

माझ्या वडिलांची सायकल हिंद कंपनीची होती, मुंबईत वरळीला तयार झालेली. बाबा नागपूरच्या एम्प्रेस कापड मिलमध्ये विणकाम खात्यात होते आणि सक्करदऱ्याहून रोज त्याच सायकलने पाळीला जात. १९७७ साली, म्हणजे मिलला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, पावसाळ्यात रेशीमबागेजवळ एका मालट्रकने त्यांना मागून धक्का दिला. बाबा बाजूच्या चिखलात पडले म्हणून वाचले, पण हँडलखाली जेथे दोन नळ्या येऊन मिळतात तो सांधा फाटला. बाबांनी ती सायकल तेथे सोडली नाही. हाताला लागलेले असताना ती खांद्यावर घेऊन ते पावसात घरापर्यंत चालत आले. आईने आधी त्यांच्याकडे पाहावे की सायकलीकडे, अशी अवस्था होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर महालात मिस्त्रींकडे गेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी तो सांधा घासून लख्ख केला, त्यावर पांढरी पूड टाकली, गॅसची निळी ज्योत धरली आणि पितळेची सळई टेकवली. लोखंड लालभडक झाले तसे पितळ पाण्यासारखे वितळून त्या फटीत आपणहून शिरले, आणि सांध्याच्या कडेने सोन्यासारखी एक बारीक रेघ उमटली. मी चौदा वर्षांची होते. तेव्हापासून आजपर्यंत मी तशी सुंदर दुरुस्ती पाहिलेली नाही. चाचांनी सात रुपये घेतले. ती सायकल आजही आमच्या व्हरांड्यात आहे, आणि तो सांधा पुन्हा कधीही उकललेला नाही.

कोणी म्हणेल की जुन्या आठवणी काढून काय होणार, जग पुढे गेले आहे. जग पुढे गेले हे खरे, परंतु ते कसे गेले हे तरी आपण नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेत श्विन नावाची कंपनी १८९५ साली शिकागोत सुरू झाली आणि तिथल्या कित्येक पिढ्यांचे बालपण तिच्या सायकलींवर गेले. १९८० मध्ये शिकागोच्या कारखान्यात संप झाला, तेव्हा कंपनीने कामगारांशी मिटवण्यापेक्षा काम तैवानला जायंट या कारखान्याकडे वाढवत नेले. जायंट १९७२ साली स्थापन झालेली, तोवर दुसऱ्यांच्या नावाने सायकली करून देणारी कंपनी होती. १९८३ मध्ये शिकागोचा कारखाना बंद झाला. स्वस्त माल घेणाऱ्यांना वाटत होते की आपण फक्त मजुरी वाचवत आहोत. प्रत्यक्षात त्यांनी सायकल करण्याची विद्याच जहाजात भरून पाठवली होती. पुढे श्विनने आणखी स्वस्त माल शोधत चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्याशी संधान बांधले, जायंटने तोवर स्वतःच्या नावाने सायकली विकायला सुरुवात केली होती, आणि १९९२ मध्ये श्विनचे दिवाळे निघाले. आज जायंट जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कंपन्यांपैकी एक आहे. मला त्या तैवानी लोकांचा हेवा वाटतो, राग येत नाही. त्यांनी हातात आलेले काम मन लावून शिकून घेतले. राग येतो तो ज्यांनी आपल्या हातचे काम स्वतःहून सोडून दिले त्यांचा.

इंग्लंडची रॅले घ्या. आमच्या लहानपणी रॅले असणे म्हणजे घरात काहीतरी असणे होते, आणि लग्नात जावयाला रॅले दिली की चार गल्ल्यांत चर्चा होत असे. नॉटिंगहॅमचा तो अवाढव्य कारखाना. तेथे १९९९ मध्ये फ्रेमा करणे थांबले आणि २००२ मध्ये उरलेली जोडणीही बंद झाली. नाव मात्र चालू आहे, सायकली बाहेरून येतात. कारखान्याच्या जागेवर विद्यापीठाचे आवार उभे राहिले. त्याच २००२ साली आमची एम्प्रेस मिल कायमची बंद झाली, आणि तिच्या जागेवर काय आहे हे नागपूरकरांना सांगायला नको. तेथे आज सरकत्या जिन्यावरून लोक कपडे घ्यायला जातात. जेथे बाबांच्या हाताखालून थानच्या थान कापड निघत होते, तेथे बाहेरून आलेले कपडे टांगलेले पाहून माझ्या पोटात कालवते. तेथे मी एकदाच गेले, पुन्हा गेले नाही.

आपल्या देशातले तरी काय वेगळे झाले? बाबांची सायकल करणारी हिंद कंपनी आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही सरकारने १९८० साली कायदा करून ताब्यात घेतल्या, आणि पुढे त्या बंद पडल्या. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या अॅटलसने साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. ३ जून हा जागतिक सायकल दिन असतो. कामगार सकाळी कामावर आले आणि फाटकावर नोटीस लावलेली दिसली. टाळेबंदीतून नुकते बाहेर पडलेल्या त्या माणसांनी घरी जाऊन काय सांगितले असेल, याचा विचार मी त्या दिवशीही केला होता आणि आजही मनातून जात नाही. ते काम परदेशी गेले नव्हते, हे मला ठाऊक आहे; पण काम गेलेल्या माणसाला ते कोठे गेले याने काय फरक पडतो?

लुधियानात आजही लाखो सायकली तयार होतात, हे मान्य. हीरो १९५६ पासून तेथे आहे, आणि १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली, याचा मला अभिमानही आहे. परंतु आपल्या शहरातल्या मध्यमवर्गाला आता साधी काळी सायकल नको आहे. त्याला गिअर हवा, डिस्क ब्रेक हवा, परदेशी नाव हवे, आणि तो गिअर बहुतेक वेळा बाहेरूनच येतो. सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात आयात सायकलींवरचे सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के केले. युरोपने तर १९९३ पासून चिनी सायकलींवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात माल ओतला जाऊ नये म्हणूनचा जादा कर, लावले असून २००५ पासून ते ४८.५ टक्क्यांपर्यंत आहे. शुल्काने माल महाग होतो, पण एकदा विसरलेले काम शुल्क लावून हातात परत येत नाही.

आता पुन्हा त्या तुकड्याकडे येते, कारण माझे भांडण त्याच्याशीच आहे. दुकानातून निघाल्यावर मी सायकल आमच्या वस्तीतल्या एका मेकॅनिककडे नेली. तीस-बत्तीस वर्षांचा, समजूतदार मुलगा आहे. त्याने मला शांतपणे समजावले की हँगर हा मोडण्यासाठीच केलेला असतो; सायकल पडली की तो तुटतो आणि महागडा गिअर व फ्रेम वाचतात. युक्ती चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. परंतु प्रत्येक कंपनीच्या, किंबहुना प्रत्येक मॉडेलच्या हँगरचा आकार वेगळा. त्याच्याकडे एका डब्यात तसले पंधरा-वीस तुकडे होते. आम्ही दोघांनी फरशीवर बसून एकेक लावून पाहिला. एकाची भोके जुळली तर वळण जुळेना, वळण जुळले तर जाडी जास्त. अर्ध्या तासाने त्याने हात पुसले आणि म्हणाला, "आजी, हा इथं कोणी बनवत नाही. ऑनलाइन पाहतो, पण सांगता येत नाही."

बाबांच्या सायकलला पुढच्या चाकात ३२ तारा आणि मागच्या चाकात ४०. हिंद असो, रॅले असो, अॅटलस असो, हर्क्युलस असो, त्या काळ्या सायकलींच्या तारा, बेअरिंगचे छर्रे, पायडलच्या दांड्या पक्क्या धरणाऱ्या कॉटर पिना, मागचे फ्रीव्हील एकमेकींना चालत. चाचांच्या दुकानात जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्यात छर्रे रॉकेलमध्ये पडलेले असत आणि गिऱ्हाईक कोणत्या कंपनीची सायकल घेऊन आले आहे हे त्यांनी कधी विचारल्याचे मला आठवत नाही. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना ते डोळे मिटून तारेवर नख मारत आणि आवाजावरून कोणती तार सैल आहे ते सांगत. ही विद्या वरळीच्या कारखान्यातून महालाच्या गल्लीपर्यंत एका सलग धाग्याने आलेली होती. जो कारखान्यात पितळ भरायला शिकला, त्याचा भाऊ गावी जाऊन दुकान टाकत असे आणि त्या दुकानात कोणी पोरगा हाताखाली राहून शिकत असे. कारखाना समुद्रापलीकडे गेला की हा धागा तुटतो. मग आपल्याकडे काय उरते? खोके उघडून चार स्क्रू पिळणारी मुले, आणि "एक्स्चेंज करा" म्हणणारे काउंटर.

तुम्ही म्हणाल की आजच्या सायकली हलक्या आहेत, चढावर दम लागत नाही. खरे आहे. बाबांची सायकल उचलताना माझी आता कंबर धरते, आणि नात तिच्या सायकलने सेमिनरी हिल्सचा चढ गाणे म्हणत चढते, तेव्हा मला आनंदच होतो. चीनमध्ये ती फ्रेम जोडणारी बाईही कोणाची तरी आई असेल आणि तिच्या घरची चूल त्याच कामावर पेटत असेल, हेही मी विसरलेले नाही. आमच्या बाबांनी मिलमध्ये विणलेल्या कापडाने कोणा विणकराचा हातमाग बंद पडलाच होता. बाबा स्वतः कोष्टी घरातले होते. त्यांच्या वडिलांचा माग घरात नुसता पडून होता आणि बाबा मिलच्या भोंग्यावर उठत होते. हे लिहिताना माझा मघाचा राग थोडा उतरला आहे, हे खरे.

पण सगळा उतरलेला नाही. आजोबांचा माग बंद पडला तेव्हा बाबांना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मिल तरी होती. मिल बंद पडली तेव्हा तिच्या कामगारांच्या मुलांना काय मिळाले, हे आमच्या सक्करदऱ्यात घरोघरी जाऊन विचारा. माझा धाकटा भाऊ चाचांकडे दोन उन्हाळे राहिला होता, त्याचा हात चांगला बसला होता. तो आज सुरक्षारक्षक आहे, बारा तास उभा असतो. त्याला मी आज फोनवर त्या तुकड्याचे वर्णन केले, तर तो एकदम म्हणाला, "ताई, ते काही अवघड नाही. अॅल्युमिनियमची पट्टी घ्यायची, मिलिंगवर कापायची, दोन भोकं पाडायची, एका भोकात आटे पाडायचे. तुकडा मला दाखव." किती वर्षांनी मी त्याच्या आवाजात तो उत्साह ऐकला.

म्हणून ही पोस्ट. दुकानाने परत घेतलेली सायकल ते भंगारात देतात की काय करतात मला ठाऊक नाही, पण मी नातीची सायकल एक्स्चेंजला देणार नाही. मोडक्या हँगरचे दोन्ही अर्धे भाग मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले आहेत आणि मोजपट्टी शेजारी ठेवून त्यांचे फोटो खाली लावत आहे. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत कोणाच्या ओळखीचा चांगला मशीनिस्ट असेल, जो एवढा एकच नग करून देईल, तर त्याचा पत्ता मला इनबॉक्समध्ये कळवा. मजुरी तो सांगेल ती देईन. भावाला सोमवारी सुटी आहे, आम्ही दोघे डबी घेऊन येऊ.