काकांचा शिळा विनोद

मागच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने लेकीचा व्हिडिओ टाकला. भाची नागपुरात चित्रकला शिकते. वार्षिक प्रदर्शनात तिने चित्र लावलंच नाही. बादली-पोछा घेऊन दिवसभर दालनाची फरशी पुसली. लोकांचे पाय उमटले की पुन्हा पुसायची. पाच मिनिटांत काकांचा शेरा: "आमची बाई रोज हेच करून राहिली. तिलाही बक्षीस देऊन टाका." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

विनोदाचा राग नाही आला. तो शिळा होता, त्याचा आला.

मिअर्ल लॅडरमन युकेलिस, अमेरिकन कलाकार. जन्म 1939, डेन्व्हर. पहिलं मूल झालं आणि धुणं-पुसणं-भरवणं यात चित्रकार कुठे हरवली ते कळेना. 1969 मध्ये तिने जाहीरनामाच लिहिला: घरात जे करते तेच आता कला म्हणून करणार. त्यातच विचारलंय, क्रांती झाली की सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार? 1973 मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अ‍ॅथिनियम संग्रहालयाच्या पायऱ्या तिने बाळाच्या लंगोटांनी पुसल्या. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या एका इमारतीच्या तीनशे कामगारांना सांगितलं, रोजच्या कामातला एक तास कला समजा. त्यावर एका समीक्षकाने पेपरात चेष्टा केली: मग शहराच्या सफाई खात्यानेही कलाकार म्हणून सरकारी अनुदान मागावं!

म्हणजे काकांचाच विनोद. युकेलिसने तो खरा धरला आणि कात्रण थेट खात्याच्या आयुक्तांकडे धाडलं. 1977 पासून ती त्या खात्याची बिनपगारी कलाकार. 1979-80 मध्ये शहराचे 59 विभाग फिरून तिने 8,500 सफाई कामगारांशी हात मिळवला. प्रत्येकाला एकच वाक्य: न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल आभार.

2016 मध्ये क्वीन्स म्युझियमने तिचं आयुष्यभराचं काम मांडलं, तेव्हा मी इथे न्यूयॉर्कातच राहत असल्याने 7 नंबरच्या ट्रेनने दोनदा जाऊन आले.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा लांबलंच. शिवाय हेही लिहिलं की मारबतीच्या गावाला, आपल्या नागपूरला, कल्पनेची कला समजावून सांगावी लागते? तान्ह्या पोळ्याला याच काकांच्या खांद्यावर बसून मी महाल भागातल्या मिरवणुकीतले बडगे पाहिलेत. त्या वर्षी ज्याचा राग, त्याचा पुतळा, गळ्यात पाटी, आणि "घेऊन जा गे मारबत" ओरडत न्यायचा नि जाळायचा. तेव्हा कुणी विचारलं नाही, याला चित्र म्हणायचं की काय. इथल्या कचऱ्याच्या ट्रकवरच्या लोकांना युनियन आहे, पेन्शन आहे, हेही घुसडलं. नागपूरच्या भांडेवाडीतल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्याचा टोमणा मारला. बर्फ पडला की हेच ट्रक पुढे नांगर लावून रस्ते मोकळे करतात, हे मात्र खोडलं. तेवढी शरम होती.

दादाचं उत्तर दोन ओळींचं. "बरोबर आहे माय तुझं. पण इथं होती तोवर तू कोणाचा हात धरला होता?"

नागपुरात आमच्या घरामागच्या बोळात सकाळी झाडायला एक बाई यायची. उन्हाळ्यात पाणी मागायची. तिचा ग्लास वेगळा, मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला. ती तो पुढे धरायची आणि मी वरून ओतायची, हातभर उंचीवरून, तांब्या ग्लासाला लागू नये म्हणून. मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. आजी ओतायची तसं मी ओतलं. दहावीत नागरिकशास्त्रात चांगले मार्क मिळाले तेही त्याच वर्षी. इथे आमच्या बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या सुपरशी मी रोज हात मिळवते, आणि त्याचं मला कौतुकही वाटतं. स्वतःचंच.

यातलं काही ग्रुपवर लिहिलं नाही. भाचीला वेगळा मेसेज केला, रात्री उशिरा, तिकडे सकाळ होती. तिचं उत्तर लगेच आलं.

"आत्या, तो ग्लास आहे का अजून? मला पाहिजे."

आहे. जिन्याखालच्या कोनाड्यात, जुन्या पितळी भांड्यांमागे; मागच्या डिसेंबरात नागपूरचं घर आवरताना मीच आत सरकवला. चार दिवस झाले, तिला अजून कळवलेलं नाही.